महासाथीनंतरचे काम आणि जगण्याचा वेग : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या काळाचा विषय निघाला की ‘तेव्हा सगळे जगच थांबले होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. सोलापुरात मासिक पगाराइतकीच हजेरीवर, नगावर आणि आठवड्याच्या हिशेबावर जगणारी कुटुंबे आहेत, त्यामुळे या वाक्याचा अर्थ इथे प्रत्येक पेठेत वेगळा निघतो. घरून काम, कचेरीच्या वेळा, दुकानांची दिनचर्या, घरकामाची वाटणी आणि एकूण जगण्याचा वेग यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषय तसा आहे. काही प्रश्नांना मोजकी वाक्ये पुरतात.

महासाथीचा काळ नेमका कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडे २२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीनंतर २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, आणि महाराष्ट्रातील उरलेले निर्बंध, मुखपट्टीच्या सक्तीसह, २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडव्याला उठले. कामाच्या सवयींपुरते बोलायचे तर ही मधली दोन वर्षे महत्त्वाची आहेत. त्यानंतर जे टिकले त्याला सवय म्हणता येते; जे २०२२ च्या उन्हाळ्यातच विरून गेले ती केवळ सोय होती.

कामाच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल कोणता झाला?

काम कुठे बसून करायचे, यापेक्षा कामाच्या वेळेवर कोणाचा ताबा राहिला, हा बदल मोठा आहे. ज्याला महिन्याला ठरलेला पगार मिळत होता, त्याच्या हाती टाळेबंदीने काही काळ तरी मोकळा वेळ दिला: प्रवास वाचला, दुपारचे जेवण घरी होऊ लागले. पुढे तोच वेळ फोनवरून येणाऱ्या निरोपांनी हळूहळू परत घेतला. ज्याची मजुरी नगावर होती, त्याच्या बाबतीत रिकामा वेळ म्हणजे बुडालेली मजुरी, इतकाच अर्थ होता, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावर बुडालेले भरून काढण्यासाठी त्याला अधिक वेगाने हात चालवावे लागले. एकाच शहरात, अनेकदा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकाचा दिवस संथ झाला आणि दुसऱ्याचा अधिक धावपळीचा झाला. महासाथीने माणसांना सावकाश जगायला शिकवले, असे जे लिहिले आणि बोलले जाते, ते बहुतेक पहिल्या गटातील लोकांनी लिहिलेले आहे.

देशाच्या आकडेवारीतही हे दिसते. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शहरी भागातील बेरोजगारीचा दर जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत सुमारे ९ टक्के होता, तो पुढच्याच तिमाहीत सुमारे २१ टक्क्यांवर गेला. त्या तीन महिन्यांतील शांततेचा मोठा भाग सक्तीच्या बेकारीचा होता.

घरून काम करणे ही सोलापूरसाठी नवी गोष्ट होती का?

नाही. संगणकासमोर बसून केलेले काम तेवढेच ‘घरून काम’ मानले, तरच ती नवी ठरते. सोलापुरातील हजारो स्त्रिया कित्येक पिढ्यांपासून घरीच विड्या वळत आल्या आहेत. कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत मोजून आणायचे, पाने भिजवून मापाला कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायचे आणि तयार विड्या पुन्हा ब्रँचमध्ये नेऊन द्यायच्या, असा हा क्रम आहे. तिथे विड्यांची तपासणी होते, मनासारख्या न उतरलेल्या बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्यांवर हजारी दराने मजुरी मिळते. शहराच्या पूर्व भागात तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांच्या घरातच किंवा घराला लागून माग असत. घरातील मोठी माणसे मागावर आणि बाकीची कांड्या भरायला, हे दृश्य कालपरवापर्यंत नेहमीचे होते. घरोघरी शिलाई यंत्रावर गणवेश शिवून देणाऱ्या स्त्रियांचीही यात भर घालता येईल.

कायद्यानेही हे काम फार पूर्वी ओळखले होते. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांच्या कामाच्या अटींविषयी केंद्रीय कायदा झाला, त्यात कारखान्याबाहेर घरी बसून काम करणाऱ्यांचा स्पष्ट विचार केलेला होता. म्हणजे लॅपटॉप घेऊन घरी बसणाऱ्यांसाठी कोणते नियम असावेत, याची चर्चा २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा घरी बसून राबणाऱ्या बायकांसाठीच्या कायद्याला पन्नास वर्षे उलटून गेली होती. ती चर्चा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या कायद्याकडे वळून पाहिले, आणि हे मला आजही खटकते. घरातील जागा, वीज, पाणी आणि पाठीचे दुखणे हा खर्च नेमका कोणाचा, हा प्रश्न विडी कामगारांच्या संघटना दीर्घकाळ मांडत आल्या आहेत. संगणकावर काम करणाऱ्यांना तो प्रथमच पडला, इतकेच.

घर हीच कामाची जागा असेल, तर घराचा आकार आणि ठिकाण हाही कामाच्या अटींचाच भाग होतो. कुंभारी येथे विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आखला गेला, ज्यातील पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. स्वतःचे पक्के घर ही मोठीच गोष्ट आहे. मात्र शहराबाहेर राहायला गेल्यावर ब्रँच, शाळा, दवाखाना आणि बाजार किती लांब पडतो, यावर त्या घरातील बाईचा दिवस ठरतो, आणि हा हिशेब घराच्या किमतीत मांडलेला नसतो.

मग टाळेबंदीत विडी कामगारांचे काम सुरूच राहिले असेल ना?

काम घरीच होत असल्याने ते सुरू राहिले असावे, असे अनेकांना वाटते, पण तसे घडले नाही. वळण्याचे काम घरी होत असले तरी पान-तंबाखू येतो ब्रँचमधून आणि पैसेही तिथूनच मिळतात. कारखाने बंद, पानाच्या टपऱ्या बंद, वाहतूक बंद, अशा स्थितीत घरातील सूप रिकामेच राहिले. पुढे काम सुरू झाले तेव्हाही ब्रँचसमोरची गर्दी हा प्रशासनासमोरचा कळीचा प्रश्न होता आणि प्रतिबंधित क्षेत्रांत राहणाऱ्या स्त्रियांना माल आणायला बाहेर पडणेच अवघड होते. घर आणि काम एका छताखाली असले म्हणजे काम सुरक्षित असते, हा समज सोलापूरने एप्रिल २०२० मध्ये खोटा पाडला.

पुण्या-मुंबईहून परतलेले नोकरदार सोलापुरात टिकले का?

काही टिकले, बहुतेक परत गेले, आणि एक तिसरा गट निर्माण झाला, जो दोन्हीकडे राहतो.

मार्च २०२० मध्ये पुण्यातील खोल्या बंद करून हजारो तरुण सोलापुरात आले, तेव्हा बहुतेकांनी पंधरा-वीस दिवसांचे कपडे आणले होते. आठवडे लांबत गेले. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये बाह्यसेवा देणाऱ्या कंपन्यांवरील जुने नियम बरेच सैल केले, त्यामुळे कॉल सेंटर आणि तत्सम कामे कर्मचाऱ्याच्या घरून करून घेणे कायदेशीरदृष्ट्या सोपे झाले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांतही घरून काम करण्याची तरतूद आली. या दोन-अडीच वर्षांत जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या भागांतील अनेक घरांत एक खोली कचेरी बनली, इन्व्हर्टरची बॅटरी मोठी झाली आणि इंटरनेटची दुसरी जोडणी आली.

इथे राहून काम करण्यातील अडचणी मात्र पुण्याच्या नकाशावर दिसत नाहीत. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातील प्रत्येक माणूस त्या कामाला बांधलेला असतो. मग परदेशातील ग्राहकाबरोबरची महत्त्वाची बैठक आणि टाकी भरण्याची वेळ एकच आली, की घरात कोणते काम मोठे, यावर वाद होणारच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला की दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसणे ही शिक्षाच असते. शिवाय घरात असलेला मुलगा म्हणजे मोकळा मुलगा, असे घरातील वडीलधाऱ्यांचे गणित असल्याने त्याला बाजारात, बँकेत आणि दवाखान्यात पाठवणे हा आपला हक्कच आहे, असे त्यांना वाटत राहिले.

परतीची लाट २०२२ पासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती जवळजवळ पूर्ण झाली. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले, तेव्हा इतर कंपन्यांचा कलही स्पष्ट झाला. जिथे आठवड्यातून दोन-तीन दिवसच हजेरी लागते, तिथले लोक मात्र सोलापूर-पुणे अशी ये-जा करू लागले. हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्यासाठी पूर्वीपासून होतीच. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाल्यावर सकाळी सहाच्या सुमारास निघून नऊच्या सुमारास पुण्यात पोहोचणे शक्य झाले. तिकीट रोजच्या प्रवासाला परवडणारे नाही, पण पुण्यातील घरभाड्याशी तुलना केली तर आठवड्यातून एकदा ते अनेकांना परवडते.

या मंडळींच्या येण्याने शहराला काय मिळाले, याचे माझे उत्तर फार उत्साहाचे नाही. खर्च वाढला, काही चांगली उपाहारगृहे चालू लागली, फ्लॅटची मागणी वाढली. परंतु पुण्याचा पगार सोलापुरात खर्च होणे आणि सोलापुरात तशी नोकरी निर्माण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडल्याचे फारसे दिसत नाही.

सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा कोरोनामुळे आला का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. राज्य मंत्रिमंडळाने हा निर्णय फेब्रुवारी २०२० मध्ये घेतला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून तो लागू झाला, म्हणजे टाळेबंदीच्या जवळपास महिनाभर आधी. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असायचा, त्याऐवजी सर्व शनिवार सुट्टीचे झाले आणि त्याबदल्यात रोजची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी वाढवण्यात आली. लोकांना नव्या वेळेचा अनुभव येण्याआधीच कचेऱ्या जवळपास रिकाम्या झाल्या, त्यामुळे दोन्ही गोष्टी स्मरणात एकमेकींत मिसळल्या. तालुक्याहून जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत कामासाठी येणाऱ्याने शनिवार धरून येऊ नये, हे अजूनही सांगावे लागते.

यंत्रमाग आणि गारमेंट उद्योगात काय बदलले?

सोलापूरची चादर आणि टॉवेल यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. शालेय गणवेश तयार करणारे मोठे केंद्र म्हणूनही या शहराने अलीकडच्या काळात जम बसवला आहे, हे बाहेर तितके ठाऊक नाही. गणवेशाचा धंदा जूनवर उभा असतो. हिवाळ्यात कापड घ्यायचे, उन्हाळ्यात शिवून घ्यायचे आणि शाळा उघडण्याआधी माल पोहोचवायचा, असे त्याचे वर्ष असते. २०२० आणि २०२१ या सलग दोन वर्षांत जूनमध्ये शाळांची दारे उघडलीच नाहीत. पहिल्या वर्षी शिवून तयार झालेला माल पडून राहिला आणि दुसऱ्या वर्षी शिवण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. अनेकांनी मुखपट्ट्या शिवायला घेतल्या, पण एका गणवेशाच्या शिलाईचे पैसे आणि एका मुखपट्टीच्या शिलाईचे पैसे यांत जे अंतर आहे ते कितीही वेगाने शिवून भरून निघणारे नव्हते.

यंत्रमागावर मुख्य फरक मनुष्यबळात पडला. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला काही आठवड्यांचा खाडा सोसत नाही. त्यामुळे त्या काळात काही कामगार भाजीची गाडी, रिक्षा, रखवालदारी किंवा घरपोच सामान देण्याच्या कामाकडे वळले. त्यांतील सगळे मागावर परतले नाहीत. तरुण मुलांना मागाचा आवाज आणि बारा-बारा तास उभे राहणे नकोच होते. महासाथीने त्यांना निमित्त दिले. कारखानदार याला कामगारटंचाई म्हणतात. माझ्या मते ती मजुरीची टंचाई आहे, पण हा वाद येथे मिटणारा नाही.

दुकानांच्या वेळा आणि बाजाराची रीत कायमची बदलली का?

वेळांच्या बाबतीत फारशी नाही. जून २०२० मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला उघडण्याचा नियम आला, जुलै २०२० मध्ये शहरात पुन्हा वेगळी टाळेबंदी झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकाने सकाळी ७ ते ११ इतकाच वेळ उघडी होती. त्या काळात नवी पेठेतील अनेक दुकानदारांनी संध्याकाळी लवकर बंद करून घरी जेवण्याचा अनुभव आयुष्यात प्रथमच घेतला. निर्बंध उठताच शटर पुन्हा रात्री उशिरापर्यंत उघडे राहू लागले, कारण शेजारचे दुकान उघडे असताना आपले बंद करणे कोणालाच परवडत नाही. सर्वांनी मिळून लवकर बंद करण्याचा विचार व्यापाऱ्यांत बोलला गेला, तसाच तो विरलाही.

पैसे देण्याघेण्याची रीत मात्र खरोखरच बदलली. देशभरात यूपीआयचे व्यवहार मार्च २०२० मध्ये सुमारे १२५ कोटी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी १,००० कोटींचा आकडा ओलांडला. सोलापुरात त्याचा अर्थ असा, की मंगळवार बाजारातील भाजीवाल्या मावशींच्या पाटीशेजारीही क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसू लागला. गिऱ्हाइकाची रांग लवकर सरकते आणि सुट्ट्या पैशांचा वाद मिटला. परंतु उधारीची वही होती तेव्हा दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या घरची चौकशी करीत, ती चार वाक्ये या वेगात कापली गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवून किराणा घरपोच मागवण्याची सवयही त्याच काळातली. ती टिकली आहे, विशेषतः उन्हाळ्यात.

जगण्याचा वेग खरोखर मंदावला होता का, आणि तो पुन्हा का वाढला?

सोलापूरला शहराच्या वेगाचा एक जुना अनुभव आहे. येथील पहिली कापड गिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणत, १८७७ मध्ये सुरू झाली, आणि पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर अर्धे शहर उठत, जेवत आणि झोपत असे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांनुसार खानावळीच्या पंगती बसत आणि भजनी मंडळांच्या वेळा ठरत. एकेक गिरणी बंद पडली तसतसा तो सामाईक ठोका नाहीसा झाला आणि प्रत्येक घराची वेळ वेगळी झाली. टाळेबंदीच्या पहिल्या काही आठवड्यांत, त्या काळानंतर प्रथमच, सगळे शहर पुन्हा एकाच वेळापत्रकावर आले, फक्त ते वेळापत्रक कामाचे नव्हते. संध्याकाळी गच्चीवर माणसे दिसू लागली. सात रस्ता आणि पार्क चौकात भरदिवसा पाखरांचे आवाज ऐकू आले. ज्यांच्या घरात धान्य होते त्यांना हा काळ सुखाचा वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सामूहिक संथपणाची मोठी परंपराही आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि नेमकी तीच त्या दोन वर्षांत खंडित झाली. आळंदी-देहूहून पंढरपूरला येणाऱ्या पालख्या जो प्रवास एरवी पायी, जवळपास तीन आठवडे मुक्काम करीत करतात, तो १ जुलै २०२० च्या आणि २० जुलै २०२१ च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसमधून आणून काही तासांत पूर्ण करण्यात आला. जग मंदावले असे म्हणतात त्या काळात वारी मात्र वेगवान झाली, ही विसंगती बोलकी आहे. २०२१ च्या संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डाही नेहमीसारखा भरला नाही. पायी वारी २०२२ मध्ये पूर्ववत झाली, तेव्हा वाटेतील गावांनी ज्या उत्साहाने दिंड्यांचे स्वागत केले, त्यावरून एवढे नक्की म्हणता येते, की लोकांना सावकाशपणा हवा होता तो सर्वांबरोबरचा. घरात एकट्याने कोंडून घेतलेला नव्हे.

वेग पुन्हा का वाढला, याचे कारण साधे आहे. दोन वर्षांत घेतलेली कर्जे फेडायची होती, मुलांची शुल्के भरायची होती, लांबलेली लग्ने आणि घरांची कामे उरकायची होती. मनात कितीही असले तरी कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस सावकाश चालू शकत नाही.

पुरुष घरी असल्याने स्त्रियांचे काम कमी झाले का?

त्या काळात भांडी घासणाऱ्या पुरुषांची छायाचित्रे खूप फिरली, त्यामुळे तसे वाटू शकते. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे वेळेच्या वापराविषयीचे सर्वेक्षण एकदा २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाले, म्हणजे महासाथीच्या अलीकडे आणि पलीकडे. २०१९ मध्ये घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली ती कदाचित गॅस, मिक्सर आणि नळामुळे असतील. पुरुषांनी ती उचलली नाहीत, कारण त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली.

सोलापुरातील घरांत टाळेबंदीच्या दिवसांत चहा, नाश्ता आणि दोन वेळचे गरम जेवण यांची मागणी वाढली, धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे येणे थांबले, आणि त्या बाईंच्या स्वतःच्या घरात पगार थांबला. घरून नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला कचेरी आणि स्वयंपाकघर एकाच वेळी आले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे टिकणारे खाणे आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि त्या काळात अनेक नोकरदार सुनांनी त्याचा आधार घेतला. पण चार दिवसांनी ‘आज तरी काही गरम कर’ हे वाक्य यायचे ते यायचेच.

ऑनलाइन शाळेने मुलांच्या आणि पालकांच्या दिनक्रमावर काय परिणाम केला?

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभर गेले. १० लाख डॉलरच्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. तंत्रज्ञानाचा विचार करणारे शिक्षक आपल्याकडे होते, हे खरे. परंतु एका घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, ही अडचण कोणताही कोड सोडवू शकत नव्हता. राज्यात शाळा टप्प्याटप्प्याने ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडल्या, लहान वर्गांना डिसेंबर उजाडला, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे खंड पडला. त्या दोन वर्षांत विडी वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून पाने कापायला शिकलेल्या मुली सगळ्याच पूर्ण वेळ शाळेत परतल्या, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

लग्ने छोटी करण्याची पद्धत टिकली का?

नाही. एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा होती. आज मंगल कार्यालयांच्या तारखा वर्षभर आधी ठरतात. ज्यांनी त्या काळात घरच्या अंगणात लग्न उरकले, त्यांतील काहींनी नंतर स्वागत समारंभ करून उरलेले सगळे पाहुणे जेवू घातले.

घरून काम करताना कामाची वेळ संपतच नाही. यावर काय उपाय आहे?

हा प्रश्न कर्मचाऱ्याच्या शिस्तीचा म्हणून सांगितला जातो, पण तो मुळात वरिष्ठांच्या सवयीचा आहे. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता आलेल्या निरोपाला उत्तर देणे ही निकड होती. निकड संपली तरी अपेक्षा राहिली. एकट्याने फोन बंद ठेवला तर तो कामचुकार ठरतो, म्हणून संपूर्ण गटाने मिळून वेळ ठरवून घेणे आणि ती लेखी स्वरूपात वरिष्ठांना कळवणे अधिक उपयोगी पडते. घरातही तेच करावे लागते: बैठकीच्या वेळा आणि पाणी येण्याची वेळ आदल्या रात्री एकाच कागदावर लिहून ठेवल्या, तर निम्मे वाद होत नाहीत. उन्हाळ्यात शक्य असेल तर सकाळी लवकर बसून दुपारी मोठी सुट्टी घ्यावी. या हवेत दुपारी दोन ते चार हा वेळ विश्रांतीचाच आहे, आणि ते सोलापूरकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

घरून काम मिळणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे का?

सर्वसाधारणपणे नाही. नेमणूकपत्र आणि कंपनीचे धोरण यांत जे लिहिले असेल तेच लागू होते, आणि धोरण बदलण्याचा अधिकार बहुधा कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. एक तरतूद मात्र माहीत असावी, आणि ती कोरोनाच्या आधीची आहे: मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कामाचे स्वरूप तसे असेल तर प्रसूती रजेनंतर मालक आणि कर्मचारी यांच्या परस्पर संमतीने घरून काम करता येते. त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. घरून काम करण्याविषयी तोंडी दिलेल्या आश्वासनावर विसंबून पुण्यातील घर सोडू नये. ईमेलवर लेखी घ्यावे.

घरबसल्या कामाच्या जाहिरातींवर विश्वास ठेवावा का?

फार सावधपणे. महासाथीनंतर घरून काम शोधणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यांच्यासाठी सापळे लावणाऱ्यांचीही. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर निरोप येतो, व्हिडिओला पसंती देण्याचे किंवा हॉटेलांना चांगले शेरे देण्याचे काम दिले जाते, सुरुवातीला दीड-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात, आणि मग मोठी ‘कामगिरी’ मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले जाते. पेन-पेन्सिल पाकिटात भरण्याचे काम देतो असे सांगून नोंदणी शुल्क उकळण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. काम देणारा पगार देतो, तो आधी पैसे मागत नाही, ही कसोटी जवळपास सर्व ठिकाणी लागू पडते. पैसे गेल्याचे लक्षात येताच कोणतीही लाज न बाळगता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रक्कम गोठवता येते, म्हणून घरच्यांना सांगावे की नाही याचा विचार फोन केल्यानंतर करावा.